पहिल्यांदा चर्चला जाताय? मग एवढं वाचून जा

माझी ऑफिसमधली मैत्रीण पहिल्यांदा आमच्या चर्चला आली तेव्हा प्रभुभोजनाचा पावाचा तुकडा तिने अर्धा खाल्ला आणि अर्धा रुमालात बांधून पर्समध्ये टाकला, सासूबाईंसाठी. झालं काय की सगळे बाक सोडून पुढे चालले म्हणून तीही उठली, लोकांनी उजव्या हाताखाली डावा हात धरला तसा तिनेही धरला, तीर्थप्रसाद घेतो ना अगदी तसाच, आणि प्रसाद म्हटला की घरच्यांसाठी थोडा न्यायचा हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. मागच्या बाकावरून एका पंचकाकांनी, म्हणजे चर्चच्या कमिटीतल्या काकांनी, ते बघितलं, त्यांच्या भुवया जरा वर गेल्या, पण कोणी काही बोललं नाही. चूक तिची नव्हतीच, माझी होती, कारण मी तिला "ये गं रविवारी" एवढंच सांगितलं होतं, आत काय होतं ते एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. दर डिसेंबरला कोणीतरी विचारतंच, "आम्ही आलो तर चालतं का?" चालतं काय, धावतं. पण त्याच्या पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, की आत गेल्यावर करायचं काय, उभं कधी राहायचं, पैसे किती टाकायचे, आणि आपल्याला कोणी धरून बाप्तिस्मा वगैरे देणार नाही ना. तर एकेक करून सांगते. मी नगरकडची, आता पुण्यात, आणि प्रोटेस्टंट, म्हणजे जास्त माहिती त्याच बाजूची मिळेल, कॅथलिकांचं आणि फेलोशिपवाल्यांचं पण पुढे थोडं लिहिलंय.

आधी पाटी वाचा

बाहेरून सगळी चर्च सारखी दिसली तरी आतला कारभार वेगवेगळा असतो. पाटीवर सी.एन.आय. लिहिलेलं असेल तर ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट अशा वेगवेगळ्या सहा मंडळ्या १९७० मध्ये नागपुरात एकत्र आल्या आणि हे चर्च झालं. त्यामुळे नाव एकच पण पद्धत जुन्या वळणाची, मूळ अँग्लिकन असेल तर वेदी, मेणबत्त्या, गुडघे टेकणं वगैरे जास्त, आणि नगरकडे अमेरिकन मराठी मिशनने उभी केलेली असतील तर एकदम साधं, भिंतीवर एक क्रूस आणि एक घड्याळ. मेथडिस्ट वेगळे, कॅथलिक तर खूपच वेगळे.

आणि पुण्यातल्या लोकांसाठी खास, कॅम्पातलं लाल देऊळ हे चर्च नाही हो. उंच मनोरा, लाल विटा, गॉथिक कमानी, त्यामुळे दर वर्षी कोणीतरी मला "नाताळला लाल देवळात जाऊया का" असं विचारतंच. ते ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ आहे, सिनेगॉग, ससून घराण्याने बांधलेलं, आणि त्यांचा शब्बाथ शनिवारी असतो.

वेळेसाठी गूगलवर भरवसा ठेवू नका. बऱ्याच शहरी चर्चमध्ये सकाळी लवकर इंग्रजी उपासना आणि नंतर साडेनऊ-दहाला मराठी अशी विभागणी असते, उन्हाळ्यात वेळ बदलते, आणि पाच रविवारांच्या महिन्यात काहीतरी तिसरंच असतं. ओळखीचं कोणी असेल तर फोन करा, नसेल तर शनिवारी संध्याकाळी गेटवर जाऊन वॉचमनकाकांना विचारा, त्यांना पाळकांपेक्षा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंपेक्षा, जास्त माहिती असते. मराठी उपासना साधारण दीड तास धरा, प्रभुभोजन असेल तर दोन, आणि पाहुणे पाळक संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायला आले असतील तर मुलांसाठी बिस्किटं बरोबर ठेवा.

आत शिरताना

कपड्यांचं टेन्शन घेऊ नका. साडी, पंजाबी ड्रेस, जीन्स-शर्ट, सगळं चालतं, फक्त शॉर्ट्स नको. गावाकडे बायका प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घेतात, शहरात काही घेतात काही नाही, तुम्ही नाही घेतला तरी कोणी टोकत नाही. चपलांचं मात्र दारात बघून ठरवा. शहरात बाक असतात तिथे बूट घालूनच आत जातात, गावात सतरंजीवर बसायचं असेल तर बाहेर चपलांचा ढीग दिसेलच, तिथे काढा. आमच्या गावच्या चर्चमध्ये अजूनही एका बाजूला बाया आणि एका बाजूला पुरुष बसतात, नवराबायको बरोबर गेलात तर आत शिरताना एक सेकंद थांबून कोण कुठे बसलंय ते बघून घ्या, नाहीतर साहेब थेट आजीबाईंच्या रांगेत जाऊन बसतात आणि मग लक्षात आल्यावर उठताही येत नाही.

बसायला सगळ्यात बेस्ट जागा म्हणजे मागून तिसरा-चौथा बाक. अगदी शेवटच्या बाकावर उशिरा येणारे आणि रडणारी बाळं, आणि पुढे बसलात तर उभं राहायचं की बसायचं हे बघायला समोर कोणीच नाही. दारात कोणीतरी हात जोडून "जय ख्रिस्त" म्हणेल, जुनी माणसं "सलाम" म्हणतील, तुम्ही साधा नमस्कार केलात तरी उत्तम. पाळकांना पाळकसाहेब म्हणा, कॅथलिक चर्चमध्ये फादर. पाळक बाई असू शकतात हं, सी.एन.आय.मध्ये बायकांनाही दीक्षा मिळते, त्यामुळे झगा घालून उभ्या असलेल्या बाईंना "पाळक कुठे आहेत" असं विचारू नका, हे माझ्यासमोर घडलंय.

आत काय काय होतं

घंटा वाजते, सगळे उभे राहतात, पहिलं गीत होतं. मग पाळक आवाहन करतात, मग पापांगीकार, म्हणजे सगळे मिळून आपल्या चुकांची कबुली देतात, ती छापील असते, कोणी तुमच्या खाजगी चुका विचारत नाही, घाबरू नका. मग शास्त्रवाचन, म्हणजे बायबलमधले उतारे, जुन्या करारातून एक, पत्रांमधून एक आणि शेवटी शुभवर्तमानातून, म्हणजे येशूच्या चरित्रातून, एक. पहिले दोन बसून ऐकायचे, शुभवर्तमानाच्या वेळी बऱ्याच ठिकाणी उभे राहतात. कोणी तुमच्या हातात बायबल दिलं आणि "स्तोत्रसंहिता उघडा" असं ऐकू आलं तर सरळ पुस्तक मधोमध उघडा, नव्वद टक्के वेळा तिथेच सापडतं. मत्तय, मार्क, लूक, योहान ही शुभवर्तमानं मागच्या बाजूला. नाहीच सापडलं तर शेजारची काकू न विचारता स्वतःचं पुस्तक तुमच्याकडे सरकवेल आणि बोट ठेवून ओळ दाखवेल, हे सगळ्या चर्चमध्ये होतं, त्या काकू बहुतेक देवानेच नेमलेल्या असतात.

मग मतांगीकार, ते उभं राहून म्हणतात, "मी विश्वास धरतो" असं सुरू होतं. तुमचा तसा विश्वास नसेल तर नुसतं उभं राहा, ओठ हलवायची गरज नाही. खरं सांगायचं तर मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं. मग संदेश, वीस मिनिटं ते पाऊण तास, पाळकांच्या स्वभावावर आहे. संदेश आवडला तरी टाळ्या वाजवायची पद्धत नाही, "आमेन" म्हणतात. त्यानंतर मध्यस्थीची प्रार्थना, त्यात देशासाठी, आजाऱ्यांसाठी, पाऊस लांबला असेल तर पावसासाठी, दहावी-बारावीच्या मुलांसाठी अशी मोठी यादी असते. मग दान, मग सूचना, आणि शेवटी आशीर्वाद. आशीर्वादाच्या आधी उठून जाऊ नका, एवढी एक गोष्ट लोकांना खटकते.

सूचनांच्या वेळी सावध राहा. बऱ्याच ठिकाणी "आज आपल्यामध्ये कोणी पाहुणे असतील तर कृपया उभं राहावं" असं जाहीर करतात, मग टाळ्या, कुठे गुलाबाचं फूल, कुठे नाव-गाव सांगायला माइक. ज्यांना हे नको वाटतं त्यांनी सरळ खाली बघून बसा, जबरदस्ती नसते. पण ओळखीच्या माणसाबरोबर गेला असाल तर तो कोपराने ढोसून उभं करणारच, तयारी ठेवा.

गाणी तुम्हाला येतात, फक्त माहीत नाही

हा माझा आवडता भाग आहे. लोकांना वाटतं चर्च म्हणजे ऑर्गन आणि इंग्रजी सूट-बूट. मराठी चर्चमध्ये पुढे पेटी असते, तबला किंवा ढोलकी असते, टाळ असतात, आणि पेटीवाल्या काकांनी सूर धरला की जे सुरू होतं ते ऐकून माझी वर उल्लेख केलेली मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "अगं हा तर अभंग आहे." आहेच. आमच्या गीतांचं पुस्तक आहे उपासना संगीत, त्यात इंग्रजी चालींवरची भाषांतरं पण आहेत, पण सगळ्यात जास्त जीव लावून गातात ती अभंगाच्या, ओवीच्या वळणाची गीतं, आणि त्यातली कितीतरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. टिळक म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे यजमान, १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतर बरीच वर्षं नगरला होते. ते म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि ती गीतं ऐकली की पूल म्हणजे काय ते कळतं, शब्द येशूचे आणि चाल देहूची.

प्रॅक्टिकली सांगायचं तर भिंतीवर एक लाकडी पाटी असते, त्यावर आकडे लावलेले असतात, तीन किंवा चार. पहिल्यांदा येणाऱ्यांना वाटतं हजेरी आहे की काय, तर ते आजच्या गीतांचे नंबर असतात. पुस्तकात तो नंबर काढायचा, पान नंबर नाही, गीत नंबर, यात सगळे चुकतात. पुस्तक मिळालं नाही तर दुसऱ्या कडव्यापासून ध्रुवपद तोंडात बसतंच. भजन रंगलं की लोक ध्रुवपद चार-चारदा घेतात, आणि शेवटच्या आवर्तनाला लय वाढते, तेव्हा तुम्ही पण टाळी धरा, इथे चालते.

प्रभुभोजन: बसून राहा, बास

सगळ्यात महत्त्वाचं हे, आणि माझ्यामुळे रुमालाचा किस्सा झाला ते पण हेच. बऱ्याच चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, काही ठिकाणी दर रविवारी. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडली आणि द्राक्षारसाचा प्याला दिला, त्याची आठवण. आम्ही भाकर म्हणतो पण असतो तो पावाचा बोटभर तुकडा, आणि द्राक्षारस कुठे एकाच प्याल्यातून, कुठे ट्रेमध्ये मांडलेल्या अंगठ्याएवढ्या ग्लासांतून.

हा प्रसाद नाही. प्रसाद दारात आलेल्या कोणालाही देतात, घरी नेतात, शेजाऱ्यांना वाटतात. हे ज्यांचा बाप्तिस्मा झालाय, आणि बऱ्याच मंडळ्यांत ज्यांचं दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर विश्वास स्वतः कबूल करायचा विधी, पण झालंय, त्यांनीच घ्यायचं असतं, तिथेच खायचं असतं, आणि घेण्याआधी आपलं मन तपासून घ्यायचं असतं. आमची स्वतःची मुलं पण दृढीकरणापर्यंत बाकावर बसून बघत राहतात, त्यामुळे तुम्ही बसून राहिलात तर तुम्ही एकटेच बसलेले नसता. कितीतरी सभासद पण कोणाशी भांडण झालं म्हणून, मन लागत नाही म्हणून त्या दिवशी उठत नाहीत. पुढे जाणाऱ्यांना वाट द्यायला पाय बाजूला घ्या आणि शांत बसा, कोणी विचारत नाही का नाही आलात.

आणि चुकून घेतलंत तर? काही आकाश कोसळत नाही. पाळकांना नंतर जाऊन सांगा, ते हसतील. आमच्या पाळकांनी त्या मैत्रिणीला एवढंच विचारलं, "सासूबाईंना आवडला का?"

पैशांचं

लांब दांड्याची मखमली थैली फिरते, किंवा ताट, किंवा दारात पेटी. दहा टाका, शंभर टाका, काहीच टाकू नका, थैली पुढे सरकवा, पाहुण्याकडून कोणी अपेक्षा करत नाही. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देणं, हा सभासदांचा आणि त्यांच्या देवाचा मामला आहे. तेवढं थैलीत हात घालून सुट्टे मोजत बसू नका, आमच्याकडे एका पाहुण्याने शंभरची नोट टाकून त्यातून पन्नास परत काढले होते, थैलीवाला मुलगा बिचारा कसनुसं हसत उभा. कोणाचा वाढदिवस असेल तर तो पुढे जातो, त्याच्यासाठी प्रार्थना होते, तो पाकिटातून उपकारस्तुतीचं दान देतो, ते बघायला छान वाटतं.

आता तो अवघड प्रश्न

"आम्ही आलो तर धर्म बदलायला सांगतील का?" हे लोक हसत विचारतात पण खरंच विचारत असतात. रविवारच्या उपासनेत बसल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. बाप्तिस्मा ही लांबलचक गोष्ट आहे, शिकवणी असते, पाळक भेटून बोलतात, साक्षीदार असतात, कोणाच्या डोक्यावर अचानक पाणी ओतत नाहीत. कोणी तुमचा नंबर मागेल, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का" असंही विचारेल. नको असेल तर "नको, थँक्यू" म्हणा. आणि एखाद्या ठिकाणी कोणी फारच मागे लागलं तर तिथे परत जाऊ नका, हे मी ख्रिस्ती असून सांगतेय.

तुमचा टिळा, मंगळसूत्र, गंडा काही काढून ठेवायची गरज नाही. मंगळसूत्र तर आमच्यातल्या कितीतरी जणी घालतात, पदकाच्या जागी क्रूस असतो एवढंच.

कॅथलिक चर्चमध्ये गेलात तर

तिथे उपासनेला मिस्सा म्हणतात, साधारण तासाभरात आटपतो, आणि शनिवारी संध्याकाळचा मिस्सा रविवारचा धरतात. दारात पवित्र पाण्याचं भांडं असतं, लोक त्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतात, तुम्ही नाही केली तरी चालेल. उठबस जास्त, गुडघे टेकणं पण असतं, बाकाला खाली पट्टी असते त्यासाठी, तुम्ही तेव्हा बसून राहा. मध्येच फादर शांतीची खूण द्यायला सांगतात, तेव्हा घाबरू नका, आजूबाजूला वळून हात जोडायचे, बास. पांढरी चकती देतात ते कम्युनियन, त्याचा नियम वरचाच, उलट जास्त कडक.

वसईत मिस्सा मराठीत ऐकायला मिळतो. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आधी जगभर बहुतेक ठिकाणी लॅटिनमध्ये चालायचं, नंतर लोकांच्या भाषेत आलं. गोव्यात बहुतेक कोकणीत. तिथे जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चला जाणार असाल तर खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, बीचवरून थेट जाऊ नका. मुंबईत पूर्ण उपासनेला बसायचं धाडस होत नसेल तर माहीमच्या चर्चला बुधवारी जा, १९४८ पासून तिथे बुधवारचा नोव्हेना, म्हणजे मारियामातेची खास प्रार्थना, चालतो आणि रांगेत सगळ्या धर्मांचे लोक असतात, नवखं असल्यासारखं वाटतच नाही.

फेलोशिपवाल्यांकडे, म्हणजे हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांत, गिटार, ड्रम, मोठे स्पीकर, हात वर करून गाणं, सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना, कोणी रडतं, कोणी "अन्य भाषेत", म्हणजे कोणालाच न कळणाऱ्या शब्दांत, बोलतं. पहिल्यांदा दचकायला होतं, मलाही झालं होतं. तीन तास हाताशी ठेवा आणि स्पीकरपासून लांब बसा.

कधी जायचं

नाताळला जायचा मोह होतो, पण २५ डिसेंबरला तुम्हाला फक्त माणसांच्या पाठी दिसतील आणि पार्किंग मिळणार नाही. साधा रविवार घ्या, जुलैमधला वगैरे. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते, येशूने क्रूसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, खूप गंभीर वातावरण, त्या दिवशी "हॅपी गुड फ्रायडे" म्हणू नका, प्लीज. ईस्टरची पहाटेची भक्ती सुंदर असते, अंधारात मेणबत्त्या घेऊन सुरू होते आणि गाता गाता उजाडतं.

उपासना संपली की लगेच पळू नका, कारण चहा असतो. आणि पुण्यात चर्चच्या चहाला इतिहास आहे बरं का, १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या नवऱ्याने, शहरातल्या मोठमोठ्या मंडळींना व्याख्यानाच्या निमित्ताने नेलं, तिथे चहा-बिस्किटं आली, आणि नंतर याच गोपाळरावांनी कोण कोण होतं त्याची नावं छापून आणली. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, मिशनऱ्यांकडचा चहा घेतला म्हणून केवढा गदारोळ, प्रायश्चित्तापर्यंत गेलं प्रकरण. पंचहौदाचं पवित्र नाम देवालय आणि त्याचं वेगळं उभं असलेलं घंटाघर आजही तिथेच आहे, जाऊन बघा. चहा मात्र सगळीकडे सारखाच, गोड आणि कोमट.

सगळ्यात मजा हवी असेल तर कापणीच्या सणाला या. लोक शेतातली पहिली ज्वारी, भोपळे, पेरू, अंडी, जिवंत कोंबड्या घेऊन येतात, वेदीसमोर ढीग लागतो, प्रार्थना होते आणि मग अंगणात लिलाव. कोंबडी प्रार्थनेच्या मध्येच ओरडते, सगळी मुलं खिदळतात. रुमालवाली मैत्रीण आता दर वर्षी या लिलावाला सासूबाईंना घेऊन येते, गेल्या वर्षी त्यांनी एका डांगराला बोली लावली, पंचकाका पण हट्टाला पेटले, साठ रुपयांचा डांगर सहाशेला गेला, आणि सासूबाई तो मांडीवर घेऊन रिक्षाने घरी गेल्या.